डब्यात आधीच लिहून आलेले २४ शब्द

प्रश्न : सांगलीत गावभागात राहतो, शेतीऔषधांचं दुकान आहे. २०२१पासून शिल्लक राहील तसं बिटकॉइन घेत गेलो, थोडं इथर आणि यूएसडीटीही (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) आहे. आजच्या भावानं सगळं मिळून साडेसहा लाखांच्या आसपास, एका भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर. वझीरएक्स या एक्स्चेंजवर चोरी झाल्यापासून धास्ती बसली, म्हणून हार्डवेअर वॉलेट, म्हणजे कॉइन सांभाळायचं छोटं यंत्र, मागवलं. शॉपिंग ॲपवर एका विक्रेत्याकडे दोन हजारांनी स्वस्त मिळालं. डब्यात एक कार्ड आलं. खरवडल्यावर त्यावर २४ इंग्रजी शब्द निघाले, खाली सूचना होती, 'हे शब्द टाकून वॉलेट सुरू करा.' तसं केलं, तीन हजारांचं बिटकॉइन पाठवून पाहिलं, व्यवस्थित आलं. आता बाकीचं पाठवू का? पुण्याचे मेहुणे आयटीत आहेत. ते म्हणतात, शब्दांचा फोटो ड्राइव्हवर ठेवा, पुढचं मी एनीडेस्कवरून, म्हणजे इथूनच तुमचा कॉम्प्युटर चालवून, करून देतो. मोबाइलमधलं ट्रस्ट वॉलेटचं ॲपच पुरेसं नाही का, असंही वाटतं. शिवाय २०१९ला घरात पाणी आलं होतं, तर कागद ठेवायचा कुठे? आणि हिला यातलं काहीच माहीत नाही.
— एक दुकानदार, गावभाग, सांगली

उत्तर : बाकीचं पाठवू नका. त्या यंत्रावर आता एक रुपयाही नको.

कुठल्याही खऱ्या कंपनीच्या डब्यात शब्द लिहून येत नाहीत. येतात ती कोरी कार्डं, १ ते २४ आकडे आणि पुढे रिकाम्या रेघा. शब्द यंत्र स्वतः तयार करतं, तुमच्यासमोर, स्वतःच्या छोट्या स्क्रीनवर, आणि ते तुम्ही हातानं उतरवून घ्यायचे असतात. तुमच्या डब्यातले शब्द विक्रेत्यानं किंवा त्याच्या आधीच्या कुणीतरी बनवले, छापले, वर खरवडायची चंदेरी पट्टी लावली आणि डबा पुन्हा सील केला. ही चलाखी किमान २०१८पासून चालू आहे. खरवडायची पट्टी दिसली की माणसाला वाटतं, हे आपल्याआधी कुणी पाहिलेलं नाही. पट्टी असते ती त्यासाठीच.

मग तीन हजार गेले का नाहीत? कारण चोराला साडेसहा लाख हवेत. तेच २४ शब्द त्याच्याकडेही आहेत, म्हणजे तेच वॉलेट त्याच्याकडे उघडं आहे. त्यात किती आलं हे त्याला तुमच्याइतकंच दिसतं. छोट्या रकमेला हात लावला तर तुम्ही सावध व्हाल, म्हणून तो थांबतो. मोठी रक्कम आली की काही मिनिटांत ती दुसऱ्या पत्त्यावर जाते, आणि ती परत आणायला ना बँक आहे ना कस्टमर केअर. त्या तीन हजारांपैकी नेटवर्कची फी जाऊन काही हाताला लागत असेल तर आजच एक्स्चेंजवर परत पाठवा. लागत नसेल तर सोडून द्या.

यंत्र रीसेट करून नवे शब्द काढले तर चालेल का, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. यंत्र अस्सल असेल आणि कुणी फक्त कार्ड घुसडलं असेल, तर चालूही शकेल. पण मधल्या माणसानं यंत्र उघडलेलं नाही हे तुम्ही घरबसल्या खात्रीनं ठरवू शकत नाही. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीनं २०२३मध्ये ट्रेझर या नावाजलेल्या कंपनीच्या एका बनावट यंत्राची चिरफाड प्रसिद्ध केली होती. बाहेरून डबा, होलोग्राम, सगळं जागच्या जागी. आत मात्र चिप बदललेली, आणि शब्द चोराला आधीच माहीत असतील असा बंदोबस्त केलेला. दोन हजार वाचवायला साडेसहा लाख त्यावर लावू नका. कार्ड, डबा, बिल आणि विक्रेत्याचं पान यांचे फोटो काढून ठेवा, ॲपवर तक्रार करा, पैसे परत मागा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आहे आणि केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवरही नोंद करता येते. तुमचं मोठं नुकसान झालेलं नाही, पण त्याच विक्रेत्याकडून आणखी लोकांनी घेतलं असेल.

नवं यंत्र थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा त्याच संकेतस्थळावर नाव दिलेल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. लेजर, ट्रेझर, बिटबॉक्स या नावाजलेल्या कंपन्या आहेत. लेजर आणि ट्रेझरची सुरुवातीची मॉडेल पन्नास ते ऐंशी डॉलरच्या घरात मिळतात, वर कुरिअर आणि आयात शुल्क. ब्लूटूथ, टचस्क्रीन यांच्या मागे लागू नका. बॅटरी नसलेलं, वायरीनं जोडायचं साधं मॉडेल तुमच्या कामाला जास्त बरं, कारण वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं तरी त्यात फुगायला बॅटरीच नाही. इथर आणि यूएसडीटीही ठेवायचं असल्यामुळे फक्त बिटकॉइन चालणारं यंत्र घेऊ नका. मागवताना पत्ता दुकानाचा द्या आणि ई-मेल वेगळा वापरा. २०२०मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी फुटली आणि सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर आले. पुढे त्यातल्या काहींच्या घरी पोस्टानं बनावट यंत्रं गेली, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र, की 'तुमचं जुनं यंत्र असुरक्षित आहे, हे वापरा.' असं काही आलं तर डबा उघडायचीही गरज नाही.

आता हे सगळं कशावर चालतं ते एकदा बघू, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. कॉइन यंत्रात नसतात. ते त्या त्या ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक वहीत, सगळ्या जगासमोर नोंदलेले असतात. यंत्रात असते ती खासगी की, म्हणजे ते खर्च करण्याची सही. व्यवहार मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर तयार होतो, यंत्रात जातो, आत सही होते आणि सही केलेला व्यवहार बाहेर येतो. की कधीच बाहेर येत नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असला तरी तो कीपर्यंत पोचत नाही, हा हार्डवेअर वॉलेटचा सगळा फायदा. आणि ते शब्द म्हणजे तीच की माणसाला उतरवून घेता येईल अशा रूपात. यंत्र हरवलं, जळलं, कंपनी बंद पडली तरी शब्द दुसऱ्या यंत्रात घातले की सगळं परत येतं. शब्द गेले आणि यंत्रही बिघडलं, तर संपलं. शब्द दुसऱ्याला मिळाले, तर यंत्र तुमच्या तिजोरीत असूनही संपलं. म्हणून काळजीचा मोठा वाटा यंत्रापेक्षा शब्दांवर खर्च करा.

नवं यंत्र आलं की त्याचं ॲप कंपनीच्या पत्त्यावरूनच उतरवा, आणि तो पत्ता यंत्राच्या डब्यावरून बघून हातानं टाइप करा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी जाहिरात नको, आणि ॲप स्टोअरवरही डोळे झाकून विश्वास नको. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजरच्या 'लेजर लाइव्ह' ॲपची हुबेहूब नक्कल होती आणि तिनं लोकांचे लाखो डॉलर नेले. ॲप उघडल्यावर ते यंत्र अस्सल आहे का याची तपासणी करतं, ती होऊ द्या. मग यंत्रावर 'नवीन वॉलेट' निवडा. 'आधीचं वॉलेट परत आणा' हा पर्याय नको. तुम्ही त्या कार्डावरचे शब्द टाकले ते याच दुसऱ्या पर्यायात.

पिन ठेवताना दुकानाचा फोन नंबर, गाडीचा नंबर, जन्मसाल टाळा. लेजरमध्ये पिन ४ ते ८ आकड्यांचा असतो आणि तीनदा चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकतं. याला घाबरायचं कारण नाही. शब्द हाताशी असले की दहा-पंधरा मिनिटांत सगळं परत येतं.

शब्द उतरवताना खोलीत एकटे बसा, मोबाइल बाहेर ठेवा, दुकानातल्या सीसीटीव्हीखाली तर मुळीच बसू नका. हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात. मोठ्या लिपीत, बॉलपेननं लिहा. जेल पेनची शाई ओल लागली की पसरते. आणि एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते ती आपल्याकडे घडते म्हणून : शब्द देवनागरीत लिहू नका. 'राइट' असं लिहून ठेवलंत तर चार वर्षांनी तो बरोबर या अर्थाचा की लिहिणे या अर्थाचा, हे कळणार नाही, आणि यादीत दोन्ही आहेत. 'वर्ड' आणि 'वर्ल्ड'सुद्धा दोन्ही आहेत. स्पेलिंगच लिहायचं, क्रमांकासकट, कारण क्रम चुकला तरी वॉलेट उघडत नाही. २४ शब्दांमध्ये ८ बिट तपासणीचे असतात, त्यामुळे एखादा शब्द चुकला तर २५६पैकी २५५ वेळा यंत्र लगेच 'चुकीचं' म्हणून सांगतं. पण हे कळतं ते परत टाकताना. तेव्हा उशीर झालेला असू नये, म्हणून पुढची पायरी.

ती पायरी बहुतेक लोक गाळतात. पैसे पाठवण्याआधी बिटकॉइनचा पहिला पत्ता कागदावर लिहून घ्या. मग यंत्र मुद्दाम रीसेट करा. सेटिंगमधून करा किंवा, लेजर असेल तर, पिन तीनदा चुकवा. आता फक्त तुमच्या कागदावरून २४ शब्द परत टाका आणि तोच पत्ता येतो का बघा. आला, तर तुमचा कागद खरा. नाही आला, तर अक्षर वाचण्यात, क्रमात किंवा लिहिण्यात कुठेतरी घोळ आहे; तो आत्ता, वॉलेट रिकामं असताना सापडला हे बरंच झालं. तसं झालं तर पुन्हा नवे शब्द काढून पहिल्यापासून सुरू करा. ट्रेझर घेतलंत तर एक फरक ध्यानात ठेवा. त्यांची नवी मॉडेल २० शब्द देतात. ते १०२४ शब्दांच्या वेगळ्या यादीतले असतात आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालतीलच असं नाही. कागदावर कुठल्या यंत्राचे शब्द आहेत ते लिहून ठेवा.

आता फोटो. मेहुण्यांचा हेतू चांगलाच असणार, पण हा सल्ला ऐकू नका. फोटो ड्राइव्हवर जायच्या आधी गॅलरीत असतो, आणि गॅलरी वाचायची परवानगी आपण किती ॲपना देऊन बसलोय हे आठवून बघा. २०२५च्या फेब्रुवारीत कॅस्परस्कीनं 'स्पार्ककॅट' नावाचा प्रकार उघड केला. गूगल प्ले आणि ॲपल या दोन्ही स्टोअरवरच्या ॲपमध्ये तो दडलेला होता, आणि काम एकच, गॅलरीतल्या फोटोंमधली अक्षरं ओळखायची आणि वॉलेटचे शब्द सापडले की तो फोटो पाठवून द्यायचा. तेच व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवण्याचं, ई-मेलच्या ड्राफ्टचं, दुकानातल्या टॅलीच्या कॉम्प्युटरवरच्या वर्ड फाइलचं आणि प्रिंटरचं. शब्द कुठल्याही कीबोर्डवर टाइप व्हायला नकोत आणि कुठल्याही कॅमेऱ्यासमोर यायला नकोत. ते फक्त यंत्राच्या बटणांवरून टाकायचे. एनीडेस्कही याच कारणानं नको. मेहुण्यांना फोनवर पायऱ्या विचारा, स्क्रीन दाखवू नका. उद्या काही उणंदुणं झालं तर त्यांच्यावर संशय यायला जागाच राहू नये, हेही नात्याच्या दृष्टीनं बरं.

कागद कुठे ठेवायचा, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि गावभागात राहणाऱ्याला तो पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा जास्त लागू. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. २०२१ला पुन्हा पाणी आलं. तेव्हा घरात एकच कागद, तोही तळमजल्यावरच्या कपाटात, हे चालणार नाही. लॅमिनेशनवरही भिस्त नको. कडेनं पाणी आत शिरतं आणि मग आतल्या आत कागद कुजतो. पाणी चढायला लागलं की माणसं, जनावरं आणि गल्ल्यातली रोकड हलवताना २४ शब्दांचा कागद कुणालाच आठवत नाही.

उपाय स्टीलचा. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची २ ते ३ मिलिमीटर जाडीची, साधारण १०० बाय ७५ मिलिमीटरची पट्टी घ्या. कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे असा तुकडा भंगाराच्या भावात मिळेल. दोन घ्या, आणि सरावाला तिसरा. हार्डवेअरच्या दुकानातून ३ मिलिमीटरचा इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा पंच सेट आणा. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरेशी. शब्द तीनच अक्षरी असेल तर चौथी जागा मोकळी सोडा. म्हणजे जास्तीत जास्त ९६ अक्षरं आणि क्रमांक, बारा-बाराच्या दोन रांगांत. पट्टीवर आधी टोच्यानं रेघा मारून घ्या, खाली लोखंडी ठोकळा ठेवा, लाकूड नको, कारण लाकडावर घाव जिरतो आणि अक्षर उथळ उठतं. पंच सरळ उभा धरून एकच दमदार घाव घाला; दुसऱ्यांदा मारायला गेलात की अक्षर दुहेरी उठतं. स्टेनलेस साध्या लोखंडापेक्षा चिवट आहे, म्हणून सरावाचा तुकडा. त्याच्यावर शब्द मात्र तुमचे नकोत, काहीही ठोका. ॲल्युमिनियम घेऊ नका, ते ६६० अंशांना वितळतं आणि घराच्या आगीत तेवढी उष्णता सहज होते. स्टेनलेस १४०० अंशांच्या आसपास टिकतं, आणि पुराच्या गाळात महिनाभर राहिलं तरी धुतलं की वाचता येतं.

हे काम नावाच्या पाट्या कोरणाऱ्याकडे देऊ नका. तो माणूस कितीही सरळ असला तरी त्याच्या मशिनच्या कॉम्प्युटरमध्ये फाइल राहते.

एक पट्टी घरात, वरच्या मजल्यावर. दुसरी पुराच्या पट्ट्याबाहेर. विश्रामबागेत किंवा मिरजेत बँकेचा लॉकर असेल तर उत्तम, फक्त लॉकर कुठल्या मजल्यावर आहे ते विचारून घ्या, तळघरातला नको. लॉकर नसेल तर वहिनींचं माहेर किंवा वडीलधारं कुणी, पण पाकीट सीलबंद, सहीवर टेप लावून, म्हणजे उघडलं तर कळेल. शब्द अर्धे इकडे, अर्धे तिकडे, असं करू नका. ऐकायला हुशारीचं वाटतं, पण दोन्हींपैकी एक जरी हरवला तरी सगळं गेलं, म्हणजे धोका दुप्पट झाला. काही यंत्रांत २५व्या शब्दाची, म्हणजे स्वतः ठरवलेल्या पासफ्रेजची सोय असते. ती तुम्ही सध्या वापरू नका. त्यात स्पेलिंग चुकलं तर यंत्र चूक दाखवत नाही, मुकाट्यानं दुसरं रिकामं वॉलेट उघडतं, आणि माणूस हादरतो. मल्टिसिगचीही, म्हणजे एका व्यवहाराला अनेक सह्या लागणाऱ्या वॉलेटचीही, साडेसहा लाखांना गरज नाही.

ट्रस्ट वॉलेटचं म्हणाल तर मोबाइलमधलं सॉफ्टवेअर वॉलेट वाईट नसतं, पण त्याची की इंटरनेटला जोडलेल्या फोनमध्येच असते. गल्ल्यात दिवसाची चिल्लर ठेवतो तेवढंच तिथे ठेवावं, गेलं तर हळहळ वाटेल पण घर हलणार नाही एवढं. तुम्हाला ते लागतं का, हेच आधी ठरवा. विकत घेऊन ठेवायचं एवढंच असेल तर लागत नाही. ठेवलंत तर त्याचे शब्द वेगळे असू द्या. हार्डवेअर वॉलेटचे शब्द मोबाइल वॉलेटमध्ये 'दोन्हीकडे दिसावं म्हणून' टाकणारे लोक असतात. त्या क्षणी हार्डवेअर वॉलेट घेतल्याचा काही उपयोग राहत नाही. नुसती शिल्लक बघायची असेल तर पत्ता टाकून बघता येते, शब्द लागत नाहीत.

सॉफ्टवेअर वॉलेटमध्ये इथर किंवा टोकन (यूएसडीटीसारखी कॉइन) असतील तर शब्द न देताही पैसे जाऊ शकतात, तेही जाणून घ्या. एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट 'कनेक्ट' केलं आणि 'अप्रूव्ह' दाबलं, की बऱ्याचदा त्यामागच्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमला, तुमचं ते टोकन अमर्याद उचलायची परवानगी मिळते, आणि ती तुम्ही रद्द करेपर्यंत राहते. एअरड्रॉपच्या, म्हणजे फुकट टोकन वाटपाच्या, बहुतेक सापळ्यांत हेच असतं. वॉलेटमध्ये न मागवलेलं टोकन आलेलं दिसलं तर ते विकायला जाऊ नका, तसंच पडू द्या.

यंत्र असलं तरी सही तुमच्याच बोटानं होते, आणि मोठमोठे तिथेच फसलेत. १८ जुलै २०२४ला वझीरएक्सचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले, ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकले. कंपनीच्या सांगण्यानुसार ते वॉलेट अनेक सह्यांचं होतं आणि सह्या हार्डवेअर यंत्रांवरच झाल्या होत्या. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावर. २०२५च्या फेब्रुवारीत बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले, तेही याच जातीच्या फसवणुकीत. तुम्ही यातून घ्यायचं ते एवढंच : कॉम्प्युटरचा पडदा खोटं बोलू शकतो, यंत्राची छोटी स्क्रीन वाचायची. पत्ता आणि रक्कम यंत्रावर पूर्ण वाचून मगच बटण दाबा. 'ब्लाइंड सायनिंग' नावाचं, व्यवहार पूर्ण न दाखवताच सही करू देणारं सेटिंग बंदच ठेवा. नुसतं पाठवायला आणि घ्यायला ते लागत नाही.

एक्स्चेंजवरून काढताना आधी बघा की तुमचं एक्स्चेंज कॉइन बाहेर पाठवू देतं का. काही भारतीय ठिकाणी सगळ्या कॉइनना ती मुभा नसते, आणि वॉलेट तुमचंच आहे असं लिहून घेतात. बिटकॉइनपासून सुरुवात करा. पत्ता यंत्रावर दाखवा, 'बीसी१'नं सुरू होणारा असेल, तो एक्स्चेंजमध्ये कॉपी करा आणि पेस्ट झाल्यावर यंत्राशी पुन्हा ताडून बघा. क्लिपबोर्डमधला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. पहिले चार आणि शेवटचे चार बघून भागत नाही, कारण तशी टोकं जुळणारे पत्ते मुद्दाम बनवतात आणि तुमच्या व्यवहारांच्या यादीत शून्य-दोन पैशांची नोंद टाकून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही यादीतून कॉपी कराल. २०२४च्या मे महिन्यात एकानं असेच सुमारे ६.८ कोटी डॉलर चुकीच्या पत्त्यावर पाठवले. चोरानं नंतर बहुतांश परत केले, पण ते त्या माणसाचं नशीब. मधली अक्षरंही बघा, आणि पत्ता दरवेळी यंत्रावरूनच घ्या, जुन्या यादीतून नको.

आधी थोडी रक्कम पाठवा. एक्स्चेंजची काढण्याची फी सहसा रकमेवर नसते, ठरलेली असते, त्यामुळे या चाचणीची किंमत एक जास्तीची फी एवढीच. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा नवा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो. सहा ब्लॉक, म्हणजे तासभर, थांबून मग उरलेलं पाठवा.

यूएसडीटीत लोक नेटवर्कवर अडकतात. तेच यूएसडीटी इथेरियमवर (इथरच्या ब्लॉकचेनवर) असतं, ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनवर असतं, आणखीही ठिकाणी असतं. ट्रॉनचा पत्ता 'टी'नं सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सनं. काढताना जे नेटवर्क निवडाल त्याच नेटवर्कचं खातं यंत्रावर उघडलेलं हवं. शिवाय ट्रॉनवरचं यूएसडीटी पुढे हलवायला फी म्हणून थोडं टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं कॉइन, लागतं, इथेरियमवरचं हलवायला इथर. नुसतं यूएसडीटी येऊन पडलं आणि फीला काही नाही, म्हणून ते हलत नाही, अशी रड खूप ठिकाणी ऐकू येते. तुमच्याकडे इथर आहेच, तेव्हा दोन्ही इथेरियमवर ठेवणं सोपं, फी थोडी जास्त गेली तरी.

या भरात यूएसडीटी मोडून बिटकॉइन करण्याचा मोह झाला तर आधी सीएंना विचारा. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण एक कॉइन देऊन दुसरं घेणं हा करपात्र व्यवहार आहे. नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस, १ टक्का टीडीएस, आणि एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एक्स्चेंज रिकामं करण्याआधी २०२१पासूनच्या खरेदीची सगळी विवरणपत्रं उतरवून घ्या. पुढे विकाल तेव्हा खरेदी किंमत तुम्हालाच दाखवायची आहे.

वहिनींना आत्ताच सांगा. एक्स्चेंजवर पैसे असताना वारसाला निदान कंपनीच्या दारात कागदपत्रं घेऊन जाता येतं. तुमच्या यंत्राला दार नाही. दोन पानांचं मराठी पत्र लिहा : काय काय आहे, कुठल्या नेटवर्कवर, यंत्र कुठे, पट्ट्या कुठे, कुठल्या कंपनीचं यंत्र घ्यायचं आणि त्यात शब्द कसे टाकायचे. शब्द मात्र त्या पत्रात नकोत, आणि मृत्युपत्रातही नकोत, कारण मृत्युपत्र पुढे वकील, कोर्ट, नातेवाईक अशा अनेक हातांतून जातं. पत्रात ठळक लिहा की कंपनीचा माणूस, पोलिस, एक्स्चेंज, कुणीही शब्द मागितले तर तो चोर समजावा. मेहुण्यांनाही फक्त फोनवर विचारावं. मग एका रविवारी यंत्र रीसेट करून वहिनींच्या हातानं, तुम्ही गप्प बसून, पट्टीवरून परत उभं करवून घ्या. जिथे त्या अडतील ते वाक्य पत्रात नीट नाही, ते तिथेच बदला. वर्षातून एकदा, सोयीचं म्हणून पावसाळ्याआधी, दोन्ही पट्ट्या जागेवर आहेत का आणि यंत्र सुरू होतं का एवढं पाहून घ्या. यंत्राचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं तर त्याच दिवशी, पट्टी हाताशी असताना.

नवं यंत्र यायला आठ-पंधरा दिवस जातील. तोवर कॉइन एक्स्चेंजवरच राहू द्या, पण तिथली कडी आजच लावा. ओटीपी एसएमएसवर येत असेल तर तो बंद करून ऑथेंटिकेटर ॲप लावा, कारण डुप्लिकेट सिम काढून एसएमएस पळवता येतो. त्या ॲपचे बॅकअप कोड कागदावर उतरवा. एक्स्चेंजला जोडलेल्या ई-मेलचा पासवर्ड बदला, दुकानाच्या कॉम्प्युटरवर तो उघडा राहिलेला असेल तर बाहेर पडा. 'फक्त ठरवलेल्या पत्त्यांवरच पाठवणे' असं सेटिंग असेल तर ते सुरू करा आणि त्या कार्डावरच्या शब्दांतून आलेला पत्ता त्या यादीतून आधी काढून टाका.